भागीचा नारळ

निहार, ईरा,

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही — आणि 'आमच्या घरात लपवाछपवी नाही' हे वाक्य ते आल्यागेल्याला मोठ्या अभिमानानं ऐकवत असत. ते ऐकताना मी चहाचे कप गोळा करत असे. तुमच्या आईला तर नाहीच सांगितलं. खरं पाहता ही गोष्ट तिचीच आहे. तुमच्या लहानपणापासून तीच ती तुम्हाला सांगत आली आहे. फक्त ती जशी सांगते तशी ती घडली नाही. हे तिला माहीत नाही. मला माहीत आहे.

तुम्हाला मराठी ऐकून समजतं, वाचायला जड जातं — म्हणजे हे तुमची आई, शुभाच, तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवणार. इंग्रजीत लिहिलं असतं तर तिची सुटका झाली असती. नोकरीभर मी शाळेत इंग्रजीच शिकवलं. पण त्या भाषेत मला प्रत्येक गोष्ट इस्त्री करून, घडी घालून ठेवायची सवय लागली आहे. आणि या गोष्टीची घडी घातली की ती पुन्हा खोटी होईल, असा मला संशय आहे. म्हणून मराठीत. शुभा, तू वाचत राहा. कुठं थांबू नकोस.

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर तुमच्या सहलीचं सांगत होतात. फोटो मी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिले. इतक्या उंचावर एवढं मोठं तळं, त्यात तुमच्या त्या लांबट होड्या, कायाक, आणि तळ्यातल्या बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेली माणसं. एका फोटोत विणलेली टोपी घातलेली एक बाई आहे, हातात वाडगा. ईरा, तू सांगितलंस की तो वाडगा तिनं निहारपुढे धरला, त्यानं घेतला, आणि ती वळल्याबरोबर पाण्यात ओतून टाकला. "आई म्हणाली होती ना, असल्या ठिकाणी कोणाच्या हातचं काही प्यायचं नाही." मग जरा थांबून तू म्हणालीस, "पण आजी, तिनं बघितलं." आणि लगेच तुम्ही विमानतळावरची काहीतरी गंमत सांगू लागलात. मी 'हो का, हो का' करत राहिले. फोन ठेवल्यावर मला संध्याकाळचा दिवा लावायचंही सुचलं नाही.

तिनं बघितलं. तुम्ही असं का केलंत हे तिला कुठून कळणार? तुम्हाला तरी कुठं ठाऊक आहे?

आपल्या घरात ती 'बेटावरच्या ताकाची गोष्ट' म्हणून ओळखली जाते. शुभा लहान असताना आम्ही डोंगरातल्या तळ्यावर गेलो होतो. तिथल्या बेटावरच्या एका गवळणीनं तिला घाणेरडं ताक पाजलं. शुभा मरता मरता वाचली. अजून लग्नाच्या पंगतीत मठ्ठा आला की शुभा द्रोणावर हात आडवा धरते. जावयांना ही गोष्ट पाठ आहे. शेजारणींना पाठ आहे. मला ती कोणी सांगायला लावली तर मी म्हणते, "शुभाच सांगेल, तिला चांगली सांगता येते." आणि आत जाते.

ती रचली कोणी? मी. एका वाक्यात रचली. पुढं ती आपली आपणच वाढली.

पण ते वाक्य मी बोलले कशी — इथपर्यंत मला सावकाश यावं लागेल. एकदम सांगायला गेले तर मी पुन्हा सोयीचं तेवढं सांगेन. मी मला ओळखते.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. तुमचे आजोबा पाळी गावच्या खाणीच्या ऑफिसात होते, आम्ही डिचोलीला राहायचो, माझं माहेर पेडण्याचं. घरी आम्ही कोकणी बोलायचो, लिहायचो-वाचायचो मराठी, आणि शाळेत मी इंग्रजी शिकवायचे. त्या काळात या प्रत्येक गोष्टीचा कोणीतरी जाब मागत असे. तुम्ही कोकणीवाले की मराठीवाले? शेजारच्या घरात कुठलं वर्तमानपत्र येतं ते आम्ही बघून ठेवत होतो. आमच्याकडे कुठलं येतं ते शेजारी बघून ठेवत होते. वर्षानुवर्षं एका विहिरीचं पाणी प्यायलेली माणसं दोरी ओढता ओढता एकमेकांकडे तिरक्या डोळ्यांनी बघू लागली. मला ते दिवस काही फार परके वाटले नाहीत. मी मुळातच संशयी. दूध वर येईपर्यंत त्याच्याकडे पाठ न करणारी. तेव्हा सगळे माझ्यासारखे झाले होते, एवढंच.

ऑफिसात देशपांडे नावाचा पुण्याचा एक तरुण इंजिनियर आला होता. त्याला डोंगर चढायचं, पाण्यात उतरायचं वेड. कुठल्याशा मित्राकडून त्यानं नारिंगी रंगाच्या कायाक ट्रकवर घालून आणल्या. घाटाच्या अंगाला, डोंगरात वर, एक धरण तेव्हा नुकतंच भरलं होतं. दऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या आणि मधल्या एका टेकडीचा माथा तेवढा बेट होऊन वर राहिला होता. त्या माथ्यावर गवळी धनगरांची थोडी घरं होती. ती माणसं तिथली फार जुनी. ती बेटावर राहायला गेली नव्हती. पाणी त्यांच्याभोवती येऊन बसलं होतं. त्यांची चरायची रानं बुडाली होती. डांबराच्या रिकाम्या पिंपांवर बांबू बांधून त्यांनी तराफा केला होता, आणि त्यावरून दूध काठावरच्या गावात नेऊन घालत. दुसरं काही त्यांच्याकडे विकण्यासारखं उरलं नव्हतं. हे सगळं देशपांडेनं आम्हाला आधीच सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पावसाळा संपून दिवाळी यायची होती. ऊन कसलं, नुसता भाजून काढणारा दिवस. मी साडी खोचून काठावर उभी, आणि ती भेंडीसारखी होडी पाण्यावर डुलत होती. तिच्यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. देशपांडे हसत म्हणाला, "बसा वहिनी बिनधास्त. हे पाणी ना कोकणी ना मराठी, ते सगळ्यांना सारखंच बुडवतं." तुमचे आजोबा मागं वल्हं घेऊन बसले, मी पुढं, शुभा माझ्या मांडीशी, आणि माझ्या पायांत आमच्या जेवणाची पिशवी. ती पिशवी मी कोणाच्या हातात दिली नाही.

पिशवीचं सांगायला हवं. आदल्या संध्याकाळीच मी सगळं करून ठेवलं होतं. मी प्रत्येक काम आदल्या दिवशी करते, तुम्ही जाणता. मोठ्यांसाठी सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, बलचांव भरलेले पाव — शिरका घातलेलं तिखट लोणचंच ते, दोन दिवस ठेवलं तरी काही होत नाही. शुभाला तिखट चालत नसे, म्हणून तिच्यासाठी वेगळा डबा. त्यात काय होतं ते पुढं येईल. बाहेरचं काही तिच्या पोटात जाऊ द्यायचं नाही, हा माझा नियम होता, आणि हा नियम मी पाळते हे सगळ्यांना माहीत होतं. ते सगळ्यांना माहीत असणं मला फार आवडायचं.

बेटाला लागलो तेव्हा घरांतली माणसं बाहेर येऊन उभी होती. हसत नव्हती. एक म्हातारा पुढं आला आणि त्यानं आमच्या हातांकडे नीट बघून घेतलं.

"मोजूक इलात?"

त्यांच्याकडे बाहेरची माणसं यायची ती जमीन मोजायला टेप घेऊन यायची. देशपांडे म्हणाला, "नाही हो बाबा, सहज फिरायला आलोय."

"फिरूक? हय?" म्हातारा मागं वळून म्हणाला, "फिरूक इले गो हे." तेव्हा मात्र सगळीच हसली. मला ते हसणं आवडलं नाही. यांना आमच्याकडून काय हवं असेल, हाच विचार मी करत होते. आमच्याकडून त्यांना काही नको असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मग त्यांच्यातली एक बाई पुढं झाली. वय माझ्याएवढंच असावं. तिचं नाव भागी — पण ते तिनंच पुढं सांगितलं, त्या दिवशी मी विचारलं नाही. "ये गो बाय, बस. उनातसून इलंस," म्हणून तिनं ओट्यावर गोणपाट अंथरलं आणि ताकाचं मडकं आणलं. देशपांडे दोन वाडगे घटाघट प्याला. तुमच्या आजोबांनी वाडगा हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि खाली ठेवला. माझी ती नजर ते ओळखत. मी मडक्याच्या काठावरची माशी बघत होते. भागीच्या नखांकडे बघत होते. तिचा धाकटा मुलगा त्याच मडक्यातलं ताक पीत होता, तेही बघितलं — पण त्याचं नाक तेवढं माझ्या लक्षात राहिलं.

देशपांडेनं खिशातून नोट काढून पुढं केली. भागीनं हात मागं घेतला, जणू विंचू दाखवला.

"ताकाचे पैशे? ताकाचे पैशे घेतले तर म्हस आटता."

दूध विकायचं, तूप विकायचं. ताक मात्र विकायचं नाही, येईल त्याला द्यायचं — ही त्यांची रीत. देशपांडेला तिचं मोठं कौतुक वाटलं. आणि मला काय वाटलं? मला वाटलं, जे फुकट देतात त्यात काहीतरी असतं. पैसे घेतले असते तर मला बरं वाटलं असतं, इतका माझा मामला सरळ होता.

मी असा हिशेब करत बसले असताना शुभा घरामागं वासरू बघायला गेली. परत आली ती ओठांवर पांढरी मिशी घेऊन. भागी तिच्यामागं हसत उभी होती. "गोड लागला तिका," म्हणाली. मी शुभाचं तोंड पदरानं इतकं रगडून पुसलं की ती रडायला लागली. भागीचं हसू कुठल्या क्षणी थांबलं ते मी बघितलं, आणि मला समाधान वाटलं.

मग आम्ही थोडं लांब, एका आंब्याखाली बसून आमचं जेवलो. मोठ्यांनी मोठ्यांचं खाल्लं. शुभानं तिच्या डब्यातलं.

परतताना तळ्याच्या मधोमध शुभा गप्प झाली. माझ्या मांडीवर डोकं टेकून पडली, आणि मग उठून एकदम ओकली. थोडं पाण्यात, थोडं कायाकमध्ये, थोडं माझ्या साडीवर. पुन्हा. आणि पुन्हा. देशपांडे दुसऱ्या कायाकमधून पुढं निघून गेला होता. आजोबा मागं होते, त्यांना आमच्या पाठीच तेवढ्या दिसत होत्या. ते ओरडत होते, "कितें जालें? कितें जालें गो?" आणि जोरानं वल्हवत होते.

शुभा, आता इथं आवाज बदलू नकोस. तसंच वाच.

मी बघितलं. साडीवर पडलं होतं ते बघितलं. खोबरं होतं. पावाचे तुकडे आणि वाटलेलं खोबरं, पांढरं, जसंच्या तसं. आणि वास. तो वास ताकाचा नव्हता. तो मला ओळखीचा होता. सकाळी अंधारात डबा भरताना तोच वास मला आला होता.

आदल्या संध्याकाळी मी ओल्या खोबऱ्याची बिनतिखटाची चटणी वाटून ठेवली होती. त्यात मिरची नाही, शिरका नाही, नुसतं खोबरं, साखर, चिमूटभर मीठ. रात्री वीज गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही. फ्रिज नुसतं कपाट झालं होतं. सकाळी मी चटणी बोटावर घेतली. जिभेवर किंचित चुरचुरली. टाकून द्यायला हवी होती. टाकली असती तर शुभाला द्यायला दुसरं काही नव्हतं — आणि काठावर सगळ्यांसमोर 'आज मी मुलीचा डबा आणला नाही' असं म्हणावं लागलं असतं. मी त्यात लिंबू पिळलं आणि आणखी साखर घातली. वास दबला. पाव भरले, डबा लावला.

म्हणजे मला सकाळीच माहीत होतं. तळ्यात मधोमध तर शंकाही उरली नव्हती.

मग मी काय केलं? ओंजळीनं पाणी घेऊन शुभाचं तोंड धुतलं. साडी धुतली. कायाकचा तळ धुतला — आई जशी धुईल तसाच, तुमच्या आजोबांना मागून तेच दिसलं असणार. आणि पायातल्या पिशवीतून शुभाचा डबा काढून, त्यात उरलं होतं ते पाण्यात उलटं केलं. डबा विसळला. बारीक मासे आले आणि ते पाव खाली ओढून घेऊन गेले. झाकण लावून डबा पिशवीत ठेवला. लेक मांडीवर पिवळी पडत होती आणि मी डबा विसळत होते.

काठावर एक चहाचं हॉटेल होतं. बेटावरचं दूध पहिल्यांदा तिथंच यायचं, आणि तिथून गावभर जायचं. आम्ही शुभाला बाकावर आडवी केली. माणसं जमली. आजोबांनी मला विचारलं, "कितें खाल्लें गो तिणें?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "ताक. त्या बेटावरच्या बायलेनं पाजलं."

हेच ते वाक्य. यात एकही शब्द खोटा नाही, बघा. ताक तिनं पाजलं होतंच. जन्मभर मी या वाक्याच्या आडोशाला राहिले.

हॉटेलवाल्यानं चुलीवरच्या दुधाच्या टोपावरचं झाकण उचललं आणि आत डोकावून बघितलं. ते झाकण त्यानं परत ठेवलं नाही. कोणीतरी म्हणालं, "गवळ्यांगेलें ताक? आनी तें चेडवाक दिलें?" आणि मग प्रत्येकाला काही ना काही आठवायला लागलं. कोणाचं पोट कधी दुखलं होतं, कोणाचं मूल कधी ओकलं होतं. देशपांडे म्हणाला, "पण मीही प्यालो की. दोन वाडगे." त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मीही दिलं नाही. त्याला वाटलं, काळजीपोटी मला ऐकू आलं नसेल.

डिचोलीला डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी ताकच सांगितलं. त्यांनी मान डोलावली. कोणालाच नवल वाटलं नाही, आणि त्यामुळे मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. शुभाला सलाईन लावलं. डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. मी तिच्या उशाशी बसून देवाला काय म्हटलं असेल? 'हिला वाचव,' असं म्हटलं. आणि त्याच दमात, 'कळू देऊ नकोस,' असंही.

ती वाचली. कळलंही नाही.

थोड्या दिवसांनी आजोबा ऑफिसातून बातमी घेऊन आले. गावानं बेटावरचं दूध घ्यायचं बंद केलं. आधी हॉटेलवाल्यानं, मग घराघरांनी. "बरें केलें," ते म्हणाले. खाणीच्या ऑफिसातल्या साहेबाची मुलगी, म्हणून गोष्ट लांबवर गेली होती. मी त्यांच्या पानात भात वाढला.

इतकंच झालं असतं तर मी हे लिहिलं असतं का, याचीही मला शंका आहे. घाबरून बोललेलं एक वाक्य — पुष्कळांच्या गाठीला असेल. पण याच्या पुढचं घाबरून केलेलं नाही.

तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर एका सकाळी अंगणात एक बाई येऊन उभी राहिली. मी ओळखलं नाही. डोंगरावरची माणसं आपल्या दारात वेगळी दिसतात. तराफ्यानं, मग पायी, मग बसनं, घर विचारत विचारत भागी आली होती. काखेला फडक्यात बांधलेलं काहीतरी. मला वाटलं, भांडायला आली. मी दाराची कडी हातात धरून उभी राहिले.

ती म्हणाली, "चेडवाक बरां आसा मां?"

शुभा शाळेत गेली होती. पोर बरी आहे, असं सांगितलं. भागीनं डोळे मिटले, आणि मग फडकं सोडलं. आत नारळ होता. सोललेला, शेंडी राखलेला, हळदकुंकू लावलेला.

आमच्याकडे रीत आहे. आपल्या हातून कोणाचं वाईट झालं, तर त्याच्या घरी जाऊन त्याच्या देवापुढं नारळ ठेवायचा आणि चूक बोलून दाखवायची. घरच्यानं तो नारळ उचलला की झालं. मग त्याबद्दल पुन्हा कोणी कोणाला बोलायचं नाही. न घेता परत दिला तर त्याचा अर्थ — चूक तुझी नव्हे. लहान मुलालाही हे ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं, आणि मला हे ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं.

"माज्या हातसून चुकला बाय," ती म्हणाली. "मडकी फोडलंय. गोठो सारवलंय. आता कोणाक ताक देवक हात भियता."

तिनं विश्वास ठेवला होता. मी बोलले त्याच्यावर जगात सगळ्यांत जास्त विश्वास कोणी ठेवला असेल, तर तिनं. तिचा स्वतःचा मुलगा त्याच मडक्यातलं ताक पिऊन हिंडत होता, तरीही तिनं माझं खरं धरलं. मी शिकलेली होते ना. मी कशाला खोटं बोलेन?

मग ती हळूच म्हणाली, "माजा चुकला ता चुकला. पण दुधाचा काय चुकला? तू एक सबूद सांगलंस तर घेतीत ते."

घरात आम्ही दोघीच होतो. बाहेर रस्त्यानं खाणीचे ट्रक जात होते, नेहमीसारखे. आजोबा ऑफिसात, मूल शाळेत. ऐकणारं कोणी नव्हतं. 'भागी, ताकानं नाही, माझ्या डब्यानं झालं' — एवढं तिला एकटीला सांगायचं होतं. गावाला नव्हे, डॉक्टरला नव्हे, तिला. नारळ परत तिच्या हातात दिला असता तरी पुरलं असतं, बोलावंही लागलं नसतं.

मी तिला आत नेलं, देवाच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत. तिनं तिथं नारळ ठेवला, डोकं टेकलं. आणि मी तो उचलला.

दोन्ही हातांनी उचलला. वर तिला म्हणाले, "पुढं भांडी नीट उकळत जा." शाळेतल्या मुलीला सांगावं तसं. तिनं मान हलवली. "सबदाचं बघते," असंही म्हणाले. तिला चहा दिला, कपातून नव्हे, माळीणबाईसाठी वेगळा ठेवलेला पेला होता त्यातून. तो पेला तिनं स्वतः धुऊन पालथा घातला, आणि गेली.

ती वळणाआड गेल्यावर मी काय केलं असेल? नारळ उजेडात नेऊन फिरवून फिरवून बघितला. कुठं टाचणी टोचलीय का, छिद्र पाडलंय का, शेंडीत काळा दोरा आहे का. इंग्रजी शिकवणारी मी, करणी शोधत होते. जिचं मी वाटोळं करत होते ती आपलं काही वाईट करील, हा संशय मला आला. तिच्या त्या टेकडीवर माड नाहीत, हा नारळ तिनं कुठून, कशाच्या बदल्यात आणला असेल — हा प्रश्न आला नाही. तो फार पुढं आला.

शब्दाचं मी बघितलं नाही. एकदा आजोबांना म्हणणार होते, आमटी वाढता वाढता. पण मग त्यांनी विचारलं असतं, का? पुढल्या उन्हाळ्यात ते त्या बाजूला गेले होते. परत येऊन म्हणाले, बेटावर कोणी नाही, घरांचे नुसते खांब उभे आहेत. माणसं खाली आली म्हणे, कोणी पेडण्याजवळ तुये गावच्या कारखान्यांत लागली, कोणी सिंधुदुर्गात पांगली. कुठं, ते मी विचारलं नाही. धरणामुळं त्यांना तसंही एक दिवस उठावंच लागलं असतं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं. ते असेलही खरं. पण त्यांचं दूध धरणानं बंद केलं नव्हतं.

पेडण्याच्या बस स्टँडवर मी अजून बायकांच्या चेहऱ्यांकडे बघते. ती दिसली तर मी काय करीन? मला माझी शंका आहे. मी खांबाआड जाईन.

आणि नारळ. तो मी रात्रभर बाहेर ओसरीवर ठेवला. सकाळी तिथंच होता. आपल्या घरात काही वाया जात नाही. मी तो फोडला, वास घेतला — या वेळी नीट घेतला — आणि खवला. शुभाला आजारातून उठल्यावर तोंडाला चव नव्हती, म्हणून वड्या केल्या. ताटात थापल्या, सुरीनं सारख्या कापल्या. शुभा, तू दुपारी शाळेतून आलीस आणि उभ्या उभ्याच खाल्ल्यास, आणि आणखी मागितल्यास. नारळ चांगला निघाला होता. फार गोड होता.